बाजार कोसळताना उमेदवार कसे तोलले गेले : सप्टेंबर २००८ चं प्रकरण

१५ सप्टेंबर २००८, सोमवार. मध्यरात्र उलटल्यावर लेहमन ब्रदर्स या १५८ वर्षं जुन्या गुंतवणूक बँकेने न्यूयॉर्कमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मालमत्तेचा आकडा ६३९ अब्ज डॉलर, म्हणजे अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत मोठी दिवाळखोरी. मेरिल लिंच ही दुसरी बडी गुंतवणूक बँक त्याच शनिवार-रविवारी घाईघाईने बँक ऑफ अमेरिकाच्या पदरात टाकली गेली होती. आणि त्या सकाळी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या सभेत रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन म्हणाले, की लोक घाबरले आहेत, काळ फार कठीण आहे, पण आपल्या अर्थव्यवस्थेचा पाया अजून मजबूत आहे. संध्याकाळपर्यंत अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ५०४ अंकांनी खाली आला.

खरं तर त्या वाक्यात नवीन काहीच नव्हतं. मॅकेन हे आधीही अनेकदा म्हणाले होते, आणि 'काळ कठीण आहे' हेही त्याच दमात म्हणाले होते. बाजार पडला की पाया मजबूत असल्याचं सांगायचं, ही जगभरच्या अर्थमंत्र्यांची ठरलेली आरती आहे. आपल्याकडे ती दर पडझडीला ऐकू येते आणि अर्थवाहिन्या ती विनातक्रार दाखवतात. त्या दिवशी मात्र ती अंगाशी आली. दुपारी ऑरलँडोत मॅकेन यांनी सारवासारव केली, की पाया म्हणजे अमेरिकेचा कामगार. तोवर उशीर झाला होता. 'सिनेटर मॅकेन, तुम्ही नेमक्या कोणत्या अर्थव्यवस्थेबद्दल बोलताय?' हा डेमोक्रॅट उमेदवार बराक ओबामांचा प्रश्न बातम्यांत फिरू लागला होता.

तिथून मतदानापर्यंत सात आठवडे होते. त्या सात आठवड्यांत वॉल स्ट्रीट जर्नल, फायनान्शियल टाइम्स, इकॉनॉमिस्ट, फॉर्च्यून आणि अर्थवाहिनी सीएनबीसी यांनी दोन उमेदवारांना कोणत्या तागडीत तोललं, ते इथे पाहायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पैशाच्या बातम्या देणाऱ्या माध्यमांनी संकटात उमेदवाराची आर्थिक धोरणं फारशी तपासली नाहीत, त्याचं डोकं किती थंड आहे ते तपासलं. त्याला चांगली कारणं होती. पण त्यात एक पळवाटही होती.

संकटाआधीचा हिशेब

कागदावर पाहिलं तर या माध्यमांनी मॅकेन यांच्या बाजूने असायला हवं होतं. त्यांना कंपन्यांवरचा कर ३५ टक्क्यांवरून २५ वर आणायचा होता आणि मुक्त व्यापारावर त्यांची निष्ठा जुनी होती. ओबामा वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्या कुटुंबांचा कर वाढवणार होते, श्रीमंतांच्या भांडवली नफ्यावर १५ ऐवजी २० टक्के कर लावणार होते आणि प्राथमिक फेरीत ओहायोच्या कामगारांसमोर 'नाफ्टा' हा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापाराचा करार पुन्हा वाटाघाटीला काढायची भाषा करत होते.

मग नाफ्टाचं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये ओबामांचे आर्थिक सल्लागार ऑस्टन गूल्सबी यांनी शिकागोतल्या कॅनडाच्या वाणिज्य दूतावासात ही भाषा फार मनावर घेऊ नका अशा अर्थाचं काही सांगितल्याचं एक टिपण बाहेर आलं. आणि उमेदवारी पक्की झाल्यावर जूनमध्ये फॉर्च्यूनशी बोलताना ओबामांनी स्वतःच मान्य केलं, की प्रचारात भाषा जरा तापते आणि वाढवून सांगितली जाते. कामगारांच्या सभेत एक सूर, व्यवसायाच्या मासिकात दुसरा. एरवी याला दुटप्पीपणा म्हटलं असतं. पण अर्थमाध्यमांनी त्याचा अर्थ असा लावला, की चला, हा माणूस ऐकून घेतो. वाचक बाजारातला असला की हा अर्थ त्याला गोड लागतो.

मॅकेन यांच्यामागे मात्र त्यांचीच वाक्यं लागली होती. डिसेंबर २००७ मध्ये ते पत्रकारांना म्हणाले होते, की अर्थशास्त्र मला जितकं कळायला हवं होतं तितकं कळलेलं नाही. मोकळेपणाचं कौतुक करावं असं वाक्य, पण दहा महिन्यांनी तेच गळ्यात आलं. त्यांचे सल्लागार आणि माजी सिनेटर फिल ग्रॅम जुलैत म्हणाले, की देशात मंदी आहे ती फक्त मनातली, आणि आपण रडगाणं गाणाऱ्यांचा देश झालो आहोत. ऑगस्टमध्ये मॅकेन यांना विचारलं, तुमची घरं किती? त्यांनी सांगितलं, कर्मचाऱ्यांना विचारून कळवतो. लोक हप्ते थकल्यामुळे घरं सोडत होते तेव्हाची ही गोष्ट.

त्या उन्हाळ्यातली एक मुलाखत मला सगळ्यांत बोलकी वाटते. फॉर्च्यूनने दोघांना एकच प्रश्न टाकला : अमेरिकी अर्थव्यवस्थेला दीर्घकाळात सर्वांत मोठा धोका कशाचा? मॅकेन बराच वेळ थांबले आणि म्हणाले, कट्टर इस्लामी अतिरेकाचा. ओबामांचं उत्तर होतं, ऊर्जा धोरणाचा. पेट्रोल तेव्हा गॅलनला चार डॉलरवर गेलं होतं, त्यामुळे ते शहाणपणाचं वाटलं. पण बेअर स्टर्न्स ही गुंतवणूक बँक मार्चमध्येच बुडता बुडता विकली गेली होती, आणि तरीही गृहकर्जं, त्यांवर उभे केलेले रोखे आणि बँकांची उधारी यांतलं काही दोघांच्याही तोंडून आलं नाही. परीक्षेत दोघंही नापास, पण एकाचं नापास होणं ठळक दिसलं.

दहा दिवसांत काय काय झालं

१६ सप्टेंबरच्या सकाळी मॅकेन यांनी टीव्हीवर सांगितलं, की विमा कंपनी एआयजीला करदात्यांच्या पैशांनी वाचवू नये. त्याच रात्री फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, एआयजीला ८५ अब्ज डॉलर दिले. १७ तारखेला मॅकेन म्हणाले, सरकारचा नाइलाज होता. त्याच १६ तारखेला त्यांच्या सल्लागार कार्ली फिओरिना, म्हणजे ह्युलेट-पॅकार्डच्या माजी प्रमुख, मुलाखतीत म्हणून बसल्या, की मॅकेन यांना मोठी कंपनी चालवता येणार नाही. ओबामांनाही येणार नाही, हेही त्यांनी जोडलं, पण मथळ्यात एवढी जागा नसते.

१८ तारखेला आयोवात मॅकेन यांनी रोखे व विनिमय आयोगाचे अध्यक्ष ख्रिस्तोफर कॉक्स यांनी जनतेचा विश्वासघात केल्याचं जाहीर केलं. मी राष्ट्राध्यक्ष असतो तर त्यांना काढून टाकलं असतं, असं ते म्हणाले. स्वतंत्र आयोगाच्या सदस्याला असं एका फटक्यात काढता येतं का, हा प्रश्न लगेच उभा राहिला. पण खरा तडाखा अनपेक्षित दिशेने आला. वॉल स्ट्रीट जर्नलच्या संपादकीय पानाने दुसऱ्या दिवशी मॅकेन यांनाच झोडपलं. कॉक्स यांना बळीचा बकरा केलं जातंय, आणि संकटात लोकांना शांत नेतृत्व हवं असतं, दिशाभूल करणारी सोपी उत्तरं नव्हे, असा त्याचा रोख होता. हे तेच पान, जे उजव्या विचारांचं अमेरिकेतलं मोठं व्यासपीठ समजलं जातं. घरच्या अंगणातच पाय घसरला.

मग २४ सप्टेंबर. मॅकेन यांनी जाहीर केलं, की मी प्रचार थांबवतो, वॉशिंग्टनला जातो, शुक्रवारची वादसभा पुढे ढकला. त्या रात्री डेव्हिड लेटरमन यांच्या विनोदी गप्पांच्या टीव्ही कार्यक्रमात ते जाणार होते. तातडीचं काम म्हणून तिथे नकार कळवला आणि त्याच वेळी न्यूयॉर्कमध्येच त्याच वाहिनीच्या बातम्यांसाठी मुलाखतीची तयारी करताना दिसले. लेटरमननी ते चित्रण प्रेक्षकांना दाखवलं आणि पुढचे कित्येक दिवस सोडलं नाही. अर्थपुरवण्यांनी जे मोठ्या शब्दांत लिहिलं ते या विनोदवीराने पाच मिनिटांत सांगून टाकलं. ओबामांचं उत्तर एवढंच होतं, की राष्ट्राध्यक्षाला एका वेळी एकापेक्षा जास्त कामं करावी लागतात.

२५ तारखेला बँका वाचवण्याच्या सरकारी योजनेवर मॅकेन यांच्या आग्रहावरून व्हाइट हाऊसमध्ये बैठक झाली. जॉर्ज बुश टेबलाच्या मध्यभागी, दोन्ही उमेदवार दोन टोकांना. डेमोक्रॅट नेत्यांनी बोलण्याचं काम ओबामांकडे सोपवलं. ज्यांनी बैठक मागितली होती ते मॅकेन बराच वेळ गप्प राहिले आणि नेमकी भूमिका विचारल्यावर मोघम बोलले, असं उपस्थितांनी नंतर सांगितलं. बैठक भांडणात संपली. अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी प्रतिनिधिगृहाच्या डेमोक्रॅट सभापती नॅन्सी पेलोसी यांच्यासमोर अर्ध्या गंमतीत गुडघा टेकून विनवणी केली, हे त्याच संध्याकाळचं. दुसऱ्या दिवशी मॅकेन मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला वादसभेला हजर झाले, म्हणजे ढकला म्हणाले ती ढकललीही गेली नाही.

सोमवार २९ तारीख. ७०० अब्ज डॉलरची बँका वाचवण्याची योजना प्रतिनिधिगृहात २०५ विरुद्ध २२८ मतांनी पडली. रिपब्लिकन सदस्यांपैकी फक्त ६५ जणांनी बाजूने मत दिलं, १३३ विरोधात गेले. डाऊ ७७७ अंकांनी आपटला; तोवर एका दिवसात इतके अंक तो कधीच पडला नव्हता. मुंबईत रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. आपल्याकडे अर्थवाहिन्यांसमोर जागणाऱ्यांनी त्या रात्री एकाच पडद्यावर एका बाजूला मतांची मोजणी आणि दुसऱ्या बाजूला घसरणारा निर्देशांक पाहिला. लोकशाहीतलं मत आणि त्याची किंमत शेजारी शेजारी, त्याच सेकंदाला. असं दृश्य पाहिल्यावर त्या मतात काही विचार असू शकतो, हे कुणाच्या डोक्यात येणं कठीणच. आपल्या मतदारसंघातून शेकडो संतप्त फोन आले म्हणून विरोधात गेलेला खासदार त्या रात्री टीव्हीवर फक्त बाजार पाडणारा माणूस होता.

थंड डोक्याची किंमत

१ ऑक्टोबरला सिनेटमध्ये सुधारित विधेयक ७४ विरुद्ध २५ ने मंजूर झालं आणि ३ तारखेला प्रतिनिधिगृहानेही २६३ विरुद्ध १७१ ने होकार दिला. सिनेटमधल्या ७४ मतांत मॅकेनही होते आणि ओबामाही. या प्रकरणाचा कणा इथे आहे. त्या शतकातला सर्वांत मोठा आर्थिक निर्णय होता, आणि त्यावर दोन उमेदवारांचं मत एकच होतं. मग तोलायचं काय? उरला तो स्वभाव.

बाजारातली माणसं म्हणतात, वाईट बातमी पचते, अधांतरी लटकणं पचत नाही. अर्थपत्राचा वाचक शेअर बाळगून असतो, त्याला उद्या सकाळी काय होईल याची चिंता असते. दहा दिवसांत चार वेळा दिशा बदलणारा माणूस त्याला महाग वाटणारच. शिवाय राष्ट्राध्यक्षाला संकटात जे करावं लागतं त्यातलं बरंचसं कोणत्याही जाहीरनाम्यात नसतं. लेहमनला बुडू द्यायचं आणि एआयजीला वाचवायचं, हे कुठल्या पक्षाच्या कार्यक्रमात लिहिलेलं होतं? म्हणून स्वभाव ही अगदी फालतू कसोटी नव्हती. हे मान्य करायलाच हवं.

पण ओबामांनी त्या दहा दिवसांत केलं काय, हेही पाहू. ते पॉल्सन यांच्याशी फोनवर सतत संपर्कात होते. १९ सप्टेंबरला त्यांनी फ्लोरिडात आपल्या आर्थिक सल्लागारांची बैठक घेतली आणि छायाचित्रकारांना आत सोडलं. योजनेसाठी चार अटी सांगितल्या : देखरेख हवी, करदात्याला फायद्यात वाटा हवा, बँकप्रमुखांच्या पगारावर लगाम हवा, घरमालकांना मदत हवी. यांतल्या एकाही अटीला कुणी नाही म्हणणार नव्हतं. बाकी शांतता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्या पंधरवड्यात तिचा भाव याहूनही वर गेला. ऑक्सफर्डच्या वादसभेत सूत्रधार जिम लेहरर यांनी दोघांना पुन्हा पुन्हा विचारलं, की एवढे पैसे बँकांना दिल्यावर तुमच्या कोणत्या योजना सोडणार? ओबामांनी काय सोडणार ते सांगायचं टाळून काय सोडणार नाही याची यादी दिली. मॅकेन यांनी खर्च गोठवायचं सुचवलं, पण हिशेब तिथेही नव्हता. दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती कोण कुणाकडे बघत होतं आणि कोण बघत नव्हतं याची.

याच्या शेजारी हे ठेवून पाहा. पॉल्सन यांचा पहिला मसुदा तीन पानांचा होता, आणि अर्थमंत्र्याच्या निर्णयांना कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही असं त्यात एक कलम होतं. अर्थपत्रांनी या तीन पानांची शब्दन् शब्द चिरफाड केली. फायनान्शियल टाइम्समध्ये मार्टिन वुल्फ यांनी सप्टेंबरातच लिहिलं, की सडके रोखे विकत घेऊन उपयोग नाही, बँकांकडे भांडवलच कमी आहे, दुखणं तिथे आहे. तीन आठवड्यांत सरकार त्याच वाटेवर आलं : १४ ऑक्टोबरला बँकांमध्ये थेट २५० अब्ज डॉलर भांडवल घालण्याचं जाहीर झालं, त्यांतले १२५ अब्ज नऊ मोठ्या बँकांसाठी. म्हणजे धोरणाचा खोल अभ्यास करायची ताकद या वर्तमानपत्रांत भरपूर होती. ती उमेदवारांवर खर्च झाली नाही. रोखे की भांडवल, हा सरळ प्रश्न दोघांना धरून कुणी विचारला असता तर निदान उत्तराचा अंदाज आला असता.

याहून मोठा पुरावा ७ ऑक्टोबरचा. नॅशव्हिलच्या दुसऱ्या वादसभेत मॅकेन यांनी एक नवी योजना मांडली : सरकारने ३०० अब्ज डॉलर घालून बुडीत गृहकर्जं विकत घ्यावीत आणि लोकांना घराच्या आजच्या किमतीवर नवं, परवडणारं कर्ज द्यावं. साऱ्या प्रचारात संकटाच्या मुळाशी हात घालणारा हा एकमेव ठोस प्रस्ताव होता. त्यात खोट होती; बँकांना पूर्ण दाम देऊन तोटा करदात्याच्या माथी मारला जात होता, आणि ओबामांनी ते दाखवूनही दिलं. पण प्रस्तावावर वाद किती झाला? उजव्यांना तो सरकारी उधळपट्टी वाटला, बाकीच्यांनी 'मॅकेन यांची आणखी एक कोलांटी' म्हणून सोडून दिला. स्वभावाचा शिक्का एकदा बसला की त्या माणसाचं धोरणसुद्धा स्वभावाच्याच खात्यात जमा होतं.

त्याच सभेत पुढचा अर्थमंत्री कोण, असं विचारलं गेलं. मॅकेन यांनी पहिलं नाव घेतलं नामवंत गुंतवणूकदार वॉरन बफे यांचं, आणि ते ओबामांचे समर्थक आहेत हेही स्वतःच सांगितलं. ओबामांनीही बफेंचंच नाव घेतलं. बाजार दोघांकडून एकच ताईत मागत होता.

अग्रलेख

२६ ऑक्टोबरच्या सुमारास फायनान्शियल टाइम्सने ओबामांना कौल दिला, आणि पुढच्या अंकात इकॉनॉमिस्टनेही. दोन्ही नियतकालिकं लंडनची, मुक्त बाजाराची कट्टर पुरस्कर्ती. दोघांनाही ओबामांच्या व्यापारविषयक भूमिकेबद्दल शंका होती आणि कामगार संघटनांशी असलेल्या जवळिकीची काळजी होती. ते त्यांनी लपवलं नाही. फायनान्शियल टाइम्सचं कारण मला त्या काळाचा आरसा वाटतं. प्रचार चालवणं म्हणजे राज्य चालवणं नव्हे, हे मान्य करून त्यांनी लिहिलं, की तरी प्रचार ही नेतृत्वाचीच परीक्षा असते आणि ती एकाने उत्तम दिली, दुसऱ्याची बेबंद होती. इकॉनॉमिस्टला जुने मॅकेन फार आवडायचे. त्यांनी दुःखाने लिहिलं, की अर्थशास्त्रात त्यांना कधी रस नव्हता आणि संकटात ते गोंधळलेले दिसले, उलट ओबामांनी शिकून घेतलं आणि चांगली माणसं गोळा केली. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांची निवड दोन्हीकडे मॅकेन यांच्या खात्यावर पडली. यावर अधिक लिहायची गरज नाही, सगळ्यांनी तेच लिहिलं.

'चांगली माणसं' या शब्दांवर मात्र थांबायला हवं. फेडरल रिझर्व्हचे माजी प्रमुख पॉल व्होल्कर आणि बफे यांच्याबरोबर क्लिंटन यांच्या काळातले अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन आणि लॅरी समर्स हेही ओबामांच्या सल्लागारांत होते. ग्रॅम यांचं नाव वर्तमानपत्रांत नियमनाचे दोर कापणारा माणूस म्हणून आलं आणि ते योग्यच होतं. पण बँका, विमा आणि रोखेव्यवहार यांच्यामधल्या भिंती पाडणारा १९९९ चा त्यांच्या नावाचा कायदा बिल क्लिंटन यांच्या सहीने आला तेव्हा अर्थमंत्री समर्स होते. २००० साली वायदे व्यवहारांचा मोठा भाग देखरेखीबाहेर राहिला तेव्हाही तेच. रुबिन तर सिटीग्रुप या बड्या बँकेत वरिष्ठ सल्लागार होते, आणि निवडणुकीनंतर तीन आठवड्यांच्या आत सिटीग्रुपलाच सरकारने आणखी २० अब्ज डॉलर आणि सुमारे ३०६ अब्जांच्या मालमत्तेवर हमी देऊन वाचवलं. ग्रॅम बोलले म्हणून अडकले. रुबिन बोलले नाहीत.

इकॉनॉमिस्टने ऑक्टोबरात अर्थतज्ज्ञांची पाहणीही छापली होती. १४२ जणांनी उत्तरं दिली आणि ८० टक्क्यांच्या मते ओबामांना अर्थशास्त्र अधिक कळत होतं. आकडा सगळीकडे फिरला. उत्तर देणाऱ्यांत जवळपास निम्मे स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारे होते आणि रिपब्लिकन फक्त दहा टक्के, हे त्याच लेखात दिलेलं होतं. ते फिरलं नाही.

वॉल स्ट्रीट जर्नलने कुणालाच कौल दिला नाही. १९२८ साली हर्बर्ट हूवर यांना दिला होता, त्यानंतर कधीच नाही. हूवर निवडून आले आणि पुढच्याच वर्षी बाजार कोसळला, तेव्हा सवय सुटली तर नवल नाही. कौल नसला तरी कल लपत नव्हता. १३ ऑक्टोबरला त्यांनी ओबामांच्या '९५ टक्के कामकऱ्यांना करसवलत' या आश्वासनाची उलटतपासणी केली : ज्यांना प्राप्तिकर भरावाच लागत नाही त्यांना सवलत कशी मिळेल, ते तर सरळ अनुदान झालं. १७ तारखेला दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटना प्रचंड बहुमत मिळालं तर कोणकोणते कायदे येतील याची यादी दिली. यांतलं बरंच मला पटत नाही. पण गंमत पाहा. ज्या पानाला आपण एकांगी म्हणतो, त्यानेच उमेदवाराचा कार्यक्रम ओळीओळीने वाचला. समतोल म्हणवणाऱ्यांनी चेहरा वाचला.

६ ऑक्टोबरला डाऊ २००४ नंतर पहिल्यांदा १०,००० च्या खाली गेला आणि तो आठवडा १८ टक्क्यांच्या घसरणीने संपला. त्या सोमवारी सकाळी सीएनबीसीचे जिम क्रेमर एनबीसीवर सांगत होते, की पुढच्या पाच वर्षांत लागणारे पैसे शेअर बाजारातून काढून घ्या. उमेदवारांकडे शांतपणा मागणाऱ्या माध्यमाचा हा स्वतःचा आवाज. मुंबईत सेन्सेक्स जानेवारीत २१,००० पार होता, तो २७ ऑक्टोबरला व्यवहार सुरू असताना ८,००० च्याही खाली गेला. पवईत लेहमनचं मोठं कार्यालय होतं, ते जपानच्या नोमुराकडे गेलं. आपल्या अर्थपुरवण्यांनाही या निवडणुकीत एकच प्रश्न दिसत होता : नोकऱ्या बाहेर पाठवणाऱ्या कंपन्यांच्या करसवलती काढणार असं म्हणणारे ओबामा आले, तर पुण्या-बंगळुरूच्या आयटीचं काय? प्रत्येक गावाची तागडी वेगळी असते.

निवडून आल्यावर

४ नोव्हेंबरला, मतदानाच्या दिवशी, डाऊ ३०५ अंकांनी चढला. ओबामा ५२.९ टक्के मतं आणि ३६५ निर्वाचक मतांनी जिंकले. मतदान केंद्रांबाहेरच्या पाहणीत ६३ टक्के मतदारांनी अर्थव्यवस्था हाच मुख्य प्रश्न सांगितला. ५ तारखेला डाऊ ४८६ अंकांनी पडला आणि काही भाष्यकारांनी लगेच त्याला ओबामांचं नाव दिलं. २१ नोव्हेंबरला टिमोथी गाइटनर अर्थमंत्री होणार ही बातमी फुटली आणि तो ४९४ अंकांनी उसळला. गाइटनर न्यूयॉर्क फेडचे प्रमुख, म्हणजे सप्टेंबरातल्या सगळ्या निर्णयांच्या खोलीत बसलेला माणूस. बाजाराला हेच हवं होतं.

१ डिसेंबरला अमेरिकेतल्या मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या संस्थेने जाहीर केलं, की मंदी डिसेंबर २००७ मध्येच सुरू झाली होती. म्हणजे सबंध प्रचार मंदीत झाला आणि ती आहे की नाही यावरच निम्मा वेळ गेला. या संस्थेचं असंच असतं. १९९२ मध्ये थोरले बुश अर्थव्यवस्थेपायी हरले, आणि मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती हे तिने त्याच वर्षी डिसेंबरात, निवडणूक झाल्यावर सांगितलं.

१० फेब्रुवारी २००९ ला गाइटनर यांनी बँकांसाठीची योजना मांडली. तपशील नव्हता. डाऊ ३८२ अंकांनी पडला आणि कालपर्यंतचा जाणता माणूस एका दुपारीत गडबडलेला विद्यार्थी ठरला. १८ तारखेला ओबामांनी हप्ते थकलेल्या तीस-चाळीस लाख कुटुंबांची कर्जं सोपी करण्याची योजना जाहीर केली. दुसऱ्या सकाळी सीएनबीसीचे रिक सँटेली शिकागोच्या वायदे बाजारातून ओरडले, की शेजाऱ्याच्या जादा बाथरूमचं कर्ज आपण का फेडायचं, आणि भोवतालच्या दलालांनी टाळ्या वाजवल्या. 'टी पार्टी' हा शब्द, म्हणजे सरकारी खर्चाविरुद्धच्या उजव्या चळवळीचं नाव, तिथून पसरला. गृहकर्जाचा प्रश्न, जो ऑक्टोबरात कुणी नीट विचारला नव्हता, तो असा आला. ती योजना पुढे आपल्या आकड्याच्या जवळपासही पोचली नाही.

३ मार्चला ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन शेजारी बसलेले असताना ओबामांना घसरणाऱ्या बाजाराबद्दल विचारलं. ते म्हणाले, शेअर बाजार हा राजकारणातल्या रोजच्या जनमत चाचण्यांसारखा असतो, दररोज वरखाली होतो. त्याच्याच मागे धावलात तर दीर्घकालीन धोरण चुकेल. दूरचा विचार करणाऱ्याला आता शेअर घेणं फायद्याचं ठरू शकतं, असंही ते बोलले. चार महिन्यांपूर्वी याच थंडपणाला अग्रलेखांनी मतं दिली होती. आता त्यावर हसणारे पुष्कळ निघाले. राष्ट्राध्यक्षाला बाजाराचं दुःख कळत नाही म्हणे. ६ मार्चला वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये थोरल्या बुश यांचे आर्थिक सल्लागार मायकेल बॉस्किन यांचा लेख आला. ओबामांचा जहालपणा डाऊचा जीव घेतोय, असं त्याचं शीर्षकच होतं.

तो शुक्रवार होता. सोमवारी, ९ मार्चला, डाऊ ६,५४७ वर बंद झाला. मंगळवारी तो ३७९ अंकांनी वर गेला, आणि त्या सोमवारच्या आकड्याखाली पुन्हा कधीच आला नाही.